साखर कारखान्याच्या धुराड्यातला कार्बन पकडून जमिनीखाली साठवता येईल का? कोल्हापूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं घर करवीर तालुक्यातलं, घरी ऊस, आणि नोकरीची बहुतेक वर्षं कारखान्यांच्या बॉयलर हाऊसमध्ये आणि को-जनमध्ये (कारखान्यातच वीज काढायच्या विभागात) गेली. चिपाड जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, उरलेल्या वाफेवर रस आटवायचा, हेच काम. गेल्या काही हंगामांत सोसायटीच्या पारावर, कारखान्याच्या गेटवर आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक कार्बनबद्दल विचारायला लागलेत. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

म्हणजे धूर जमिनीत पुरायचा का?

धूर नाही, धुरातला एकच वायू. बॉयलरच्या धुरात सगळ्यात जास्त असतो नायट्रोजन, त्याच्यासोबत पाण्याची वाफ आणि थोडा ऑक्सिजन. कार्बन डायऑक्साइड, म्हणजे आपण ज्याला सीओटू म्हणतो तो, साधारण दहा ते पंधरा टक्के. तेवढाच वेगळा काढायचा, दाबून द्रवासारखा करायचा आणि जमिनीच्या पोटात इतका खोल सोडायचा की तो शेकडो-हजारो वर्षं वर येणार नाही.

उसानं हवेतून घेतलेला कार्बन हवेतच परत जातो. मग त्यात बिघडलं काय?

बिघडत काहीच नाही, आणि म्हणूनच हा विषय महत्त्वाचा आहे. दगडी कोळशाच्या केंद्रात वायू पकडला, तर फार तर हवेत नवी भर पडायची थांबते. ऊस मात्र वाढताना हवेतूनच सीओटू ओढतो. चिपाड जाळल्यावर तो धुरातून परत जातो, हिशेब बरोबरीत सुटतो. तो परत जाऊ न देता गाडून टाकला, तर हवेत आधीपासून साचलेल्यातून काही भाग खरोखर वजा होतो. वजा करण्याचे मार्ग जगात मोजकेच आहेत, आणि त्यातला एक आपल्या गव्हाणीपासून (जिथं ऊस गाळपाला टाकतात तिथून) सुरू होतो.

एक गोष्ट मात्र धरून चालावी लागेल. बरोबरी पूर्ण नसते. युरिया टाकला की रानातून नायट्रस ऑक्साइड निघतो. वजनाला वजन धरलं तर तो सीओटूच्या २७० पटींहून जास्त तापवतो. मोटारीची वीज, ट्रॅक्टरचं डिझेल, पेटवलेलं पाचट हे सगळं वहीत धरल्याशिवाय कुणी ‘वजा’ हा शब्द वापरू नये.

एका कारखान्यातून किती निघत असेल?

कागद-पेन्सिल घेऊन करा. रोज ५,००० टन गाळणारा कारखाना धरू. उसाच्या २८ टक्के चिपाड, म्हणजे १,४०० टन. त्यात निम्मं पाणी, कोरडं उरतं ७०० टन. कोरड्या चिपाडात ४६ टक्क्यांच्या आसपास कार्बन, म्हणजे ३२० टन. एक टन कार्बन जळला की ३.६७ टन सीओटू होतो. सगळं चिपाड जाळलं तर रोजचा आकडा जातो १,१५० ते १,२०० टनांवर. १५० दिवसांच्या हंगामात पावणेदोन लाख टन.

आपल्या जिल्ह्यात किती धुराडी आहेत ते तुम्हीच मोजा. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी आपण नारळ फोडतो, त्या दिवसापासून हे चालू होतं.

तो पकडतात कसा?

धूर आधी थंड आणि स्वच्छ करतात. मग एका उंच टॉवरमध्ये वरून एक द्रावण सोडतात आणि खालून धूर. द्रावण सीओटू धरून ठेवतं, बाकीचा धूर निघून जातो. मग ते द्रावण दुसऱ्या टॉवरमध्ये नेऊन वाफेनं तापवलं की वायू सुटतो आणि द्रावण पुन्हा वापरायला मोकळं होतं. बहुतेक ठिकाणी अमाइन नावाची रसायनं वापरतात. स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या प्रकल्पानं (त्याबद्दल पुढं येईलच) पोटॅशियम कार्बोनेट निवडलंय. ते खत कारखान्यांत अनेक दशकं वापरात असलेलं, स्वस्त आणि कमी त्रासाचं रसायन आहे.

आमच्या कारखान्यात वाफ पुरेल का?

हा प्रश्न मला एका बॉयलर अटेंडंटनं विचारला होता, आणि इतका नेमका प्रश्न मी मोठमोठ्या सादरीकरणांतही ऐकलेला नाही.

एक टन ऊस घ्या. त्याचं २८० किलो चिपाड. चांगल्या हाय-प्रेशर बॉयलरमध्ये त्यातून सव्वासहाशे किलोच्या आसपास वाफ मिळते. त्यातली ४०० किलो तर रस तापवायला, आटवायला आणि साखरेचे दाणे करणाऱ्या पॅनला लागते. आता त्या चिपाडाच्या धुरातला ९० टक्के सीओटू पकडायचा ठरवला, तर तो २१० किलो. नेहमीच्या अमाइन पद्धतीत एक टन सीओटू सोडवायला साडेतीन गिगाजूलच्या आसपास उष्णता लागते. त्याची वाफ होते सव्वातीनशे ते साडेतीनशे किलो. चारशे आणि साडेतीनशे मिळून साडेसातशे. तयार होतात सव्वासहाशे. वर सीओटू दाबायला टनामागे शंभरेक युनिट वीज, ती वेगळीच.

म्हणजे आहे त्या कारखान्यात सगळा धूर पकडायला गेलात तर साखर थांबेल. असं कुणी सांगत नाही, म्हणून मी आकडे मांडून दाखवतोय.

मार्ग दोन आहेत. पहिला, साखरेची वाफ कमी करणं. फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटर, जास्त टप्प्यांचं आटवण, रस तापवायला कंडेन्सेटची (वाफ थंड होऊन झालेल्या गरम पाण्याची) उष्णता, ही कामं काही कारखान्यांनी केलीत आणि त्यांची वाफ बरीच खाली आली आहे. दुसरा, पकडण्यात खर्च झालेली उष्णता परत मिळवणं. सीओटू दाबताना आणि टॉवरमधली वाफ थंड करताना जी ऊब बाहेर पडते, ती स्टॉकहोमला शहरातल्या घरांच्या गरम पाण्याच्या नळांत जाणार आहे. आपल्याला घरं तापवायची नाहीत, पण कच्चा रस तापवायचा असतो आणि त्याला सुरुवातीला इतपतच ऊब लागते. आपला कारखाना म्हणजे उष्णता आणि वीज एकत्र काढणारं केंद्रच आहे. कोळशाच्या निव्वळ वीज केंद्रात ती ऊब कुलिंग टॉवरवरून उडून जाते, आपल्याकडे ती घ्यायला रसाची टाकी शेजारीच उभी आहे. एवढं करूनसुद्धा सगळा धूर पकडणं अवघडच. अर्धा जमेल.

मग सुरुवात कुठून करायची?

डिस्टिलरीतून. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर हेच आहे.

कधी फर्मेंटरच्या झाकणातून आत पाहिलंय का? मळीचं तांबूस-काळं पाणी चुलीवर ठेवल्यासारखं खदखदत असतं, आणि खाली जाळ नसतो. यीस्ट साखर खातंय, त्यातून अल्कोहोल आणि सीओटू होतोय. रसायनशास्त्राचा हिशेब सरळ आहे: ४६ किलो इथेनॉलमागे ४४ किलो सीओटू. लिटरमागे पाऊण किलो. दिवसाला ६० हजार लिटरची डिस्टिलरी असेल तर रोज ४५ टन, आणि तो जवळजवळ शुद्ध. सुरुवातीला हवा मिसळलेली असते तेवढा भाग सोडावा लागतो.

तिथं टॉवर नको, द्रावण नको, वाफ नको. धुवायचा, कोरडा करायचा, दाबायचा. बॉयलरच्या धुराशी तुलना केली तर खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. प्रेसमडपासून (रस गाळून उरणाऱ्या गाळापासून) सीबीजी, म्हणजे दाबलेला बायोगॅस, करणाऱ्या प्रकल्पातही मिथेन वेगळा करताना असाच बऱ्यापैकी शुद्ध सीओटू बाजूला पडतो आणि तो बहुधा हवेत सोडला जातो. हे दोन झरे आधी धरा, धुराडं नंतर.

डिस्टिलऱ्या तर हा गॅस आजही विकतात. झालं की मग साठवण?

नाही. तो कोल्ड्रिंकच्या बाटलीत जातो, ड्राय आइसमध्ये जातो. बाटली उघडली की वायू परत हवेत. धंदा म्हणून चांगला आहे, पण त्याला साठवण म्हणता येणार नाही. कुणी त्यावर ‘कार्बन वजा केला’ असं प्रमाणपत्र दाखवलं तर विश्वास ठेवू नका.

जगात हे कुणी करून दाखवलंय का?

आंबवण्यातला वायू गाडण्याचं काम अमेरिकेत झालंय. इलिनॉय राज्यातल्या डिकेटरला मक्याच्या इथेनॉल प्रकल्पातला सीओटू २०११ ते २०१४ या काळात सुमारे दोन किलोमीटर खोल वालुकाश्मात सोडला, दहा लाख टनांच्या आसपास. २०१७ पासून तिथं मोठ्या प्रमाणावर काम सुरू झालं. २०२४ मध्ये निरीक्षणाच्या विहिरीजवळ द्रव ठरवून दिलेल्या थराबाहेर गेल्याचं आढळलं आणि सोडणं थांबवावं लागलं. मी हे दोन्ही सांगतो, कारण दोन्ही शिकण्यासारखं आहे: जमतं, आणि सतत लक्ष ठेवलं नाही तर चूक कळत नाही.

धुराड्यातून पकडायच्या बाबतीत जपानमधल्या ओमुता शहरातलं ५० मेगावॅटचं मिकावा केंद्र २०२० पासून पामच्या टरफलांच्या धुरातून दिवसाला ५०० टनांहून जास्त वायू पकडू शकतं. स्टॉकहोमच्या वार्तान केंद्रात जंगलातल्या काटक्या-भुशावर वीज आणि उष्णता होते. तिथं वर्षाला आठ लाख टन पकडण्याचा अंतिम निर्णय मार्च २०२५ मध्ये झाला. तो वायू जहाजानं नॉर्वेजवळ समुद्रतळाखाली जाणार आहे. डेन्मार्कचं उदाहरण मला आपल्या जवळचं वाटतं, कारण कोपनहेगनजवळच्या केंद्रात शेतातलं काड जाळतात. आपलं चिपाड, त्यांचं काड.

इंग्लंडमधल्या ड्रॅक्स केंद्रावर मात्र बरीच टीका होते, कारण त्यांचं लाकूड समुद्रापलीकडच्या जंगलांतून येतं. आपलं चिपाड गाळपातून आपोआप निघतं, त्यासाठी झाड तोडावं लागत नाही.

कोल्हापुरात जमिनीखाली जागा आहे का?

डिकेटरसारखी नाही. तिथं सच्छिद्र वालुकाश्म आणि त्यावर घट्ट शेलचं (चिकणमातीच्या खडकाचं) झाकण आहे. आपल्याकडे पन्हाळ्यावर वर जांभा आणि खाली सगळा काळा पाषाण. हा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. कोयना भागात गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल बोअर घेतलं तेव्हा सव्वा किलोमीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा खडक, मधे गाळाचा थर नाही. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला तर बेसॉल्ट पातळच होत जातो.

पण बेसॉल्टची एक वेगळी ताकद आहे. विहीर खणताना काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे स्फटिक सापडतात, ते तुम्ही पाहिले असतील. सगळ्यांना आपण गारगोट्याच म्हणतो. त्यातले काही कॅल्साइटचे असतात. त्यावर बाथरूम धुवायच्या ॲसिडचा एक थेंब टाका (हातमोजे घालून, मोकळ्या हवेत). फसफसून बुडबुडे येतात. तो बुडबुडा सीओटू आहे, जो कधीकाळी पाण्यातून दगडात उतरला आणि तिथंच थिजला. माझ्या चुलत्यांच्या विहिरीतला असा एक खडा अजून माझ्या टेबलावर आहे. कुणाला हा विषय सांगायचा असेल तर मी आधी तो हातात देतो.

आइसलंडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पानं हेच मुद्दाम करून पाहिलं. २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला सीओटू बेसॉल्टमध्ये सोडला, आणि दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त वायूचं खनिज झालं. अमेरिकेत वॉलुला इथं २०१३ मध्ये सुमारे १,००० टन वायू पाण्याशिवाय बेसॉल्टमध्ये सोडला, तिथंही कार्बोनेट झालेलं सापडलं.

तरी आइसलंडचा बेसॉल्ट तरुण आणि सच्छिद्र. आपला जुना, आणि त्यातल्या पुष्कळ भेगा-पोकळ्या खनिजांनी आधीच भरलेल्या. शिवाय कार्बफिक्सच्या पद्धतीला एक टन वायूमागे पंचवीस टनांच्या आसपास पाणी लागतं. डिस्टिलरीच्या ४५ टनांसाठी ते रोज अकरा लाख लिटर, शोधलं तर सापडेल. धुराड्याच्या १,२०० टनांसाठी तीन कोटी लिटर. पंचगंगेच्या काठावर उन्हाळ्यात उपसाबंदी लागते, तिथं हे कोण मान्य करेल? म्हणून इथं आधी चाचणीचं बोअर, दगडाचे नमुने आणि छोटं प्रात्यक्षिक. थेट प्रकल्प नको.

आणि कोयनेचा भूकंप?

विचारलंच पाहिजे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट जुन्या माणसांच्या अंगावर अजून काटा आणते. कोयनेचं धरण भरायला लागल्यापासून तिथं भूकंप होत आले आहेत. पाण्याचा दाब खडकातल्या फटींत उतरतो आणि ताणलेला भंग (खडकातली मोठी चीर) सरकतो, हे अभ्यासातून पुढं आलंय. जमिनीत दाबानं द्रव सोडणं म्हणजे त्याच कारणाला हात घालणं. म्हणून कोयना-वारणा पट्ट्यात हे काम करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कऱ्हाडला याच अभ्यासासाठी केंद्र सरकारची बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरी आहे. जिल्ह्यात कुठंही बोअर घ्यायचं ठरलं तर आधी त्यांना विचारून घ्यावं.

गॅस वर आला तर माणसं गुदमरतील का?

जास्त साचला तर गुदमरू शकतात. सीओटू हवेपेक्षा जड आहे आणि खोलगट जागी साचतो. आपल्या भागाला हे नवीन नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं (जमिनीखालची कोठारं) आठवा. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. आधी वारा लागू देत, मग पेटता कंदील सोडत. कंदील विझला तर आत माणूस जात नसे. तो विझवणारा वायू मुख्यतः हाच.

खोल दगडातून हळूहळू झिरपण्यापेक्षा मोठा धोका वरच्या पाइपलाइनीचा असतो. अमेरिकेत मिसिसिपीतल्या सॅटार्शियाजवळ २०२० मध्ये अतिवृष्टीनं टेकडीची माती सरकली, सीओटूची पाइपलाइन फुटली आणि पंचेचाळीस माणसांना दवाखान्यात न्यावं लागलं. आपल्याकडे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ ला ते त्याच्याही पुष्कळ वर गेलं होतं. पूररेषेच्या आत टाकी नको आणि ओढ्याच्या खळग्यातून पाइप नको. हे अटींमध्ये आधीच लिहून घ्यावं लागेल.

इथं जागा नसेल तर वायू कोकणात उतरवून समुद्रतळाखाली न्यायचा?

द्रव सीओटूच्या एका टँकरमध्ये वीसेक टन बसतो. डिस्टिलरीचे ४५ टन म्हणजे रोज दोन-तीन टँकर. धुराड्याचे १,२०० टन म्हणजे साठ. आंबा घाटातून रोज साठ टँकर, तेही ऊस वाहतुकीच्या दिवसांत. पाइपलाइनशिवाय ते शक्य नाही.

काजळी कमी होईल का?

होईल. द्रावणाला राख चालत नाही, म्हणून धूर आधी आजच्यापेक्षा कितीतरी जास्त स्वच्छ करावा लागतो. हंगामात गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण पडतात, त्यानं आमच्या घरातल्या बायका वैतागलेल्या असतात. मात्र त्यासाठी कार्बन प्रकल्पाची वाट बघायचं कारण नाही. राख पकडायची यंत्रणा नीट चालवली तर ते याच हंगामात होईल.

पैसे कोण देणार? आणि ऊसवाल्याला काय मिळणार?

आज जगात हा खर्च दोघं उचलतात: सरकारं आणि स्वतःहून कार्बन वजा करायला पैसे मोजणाऱ्या मोठ्या कंपन्या. स्टॉकहोमच्या प्रकल्पात स्वीडन सरकारचं अनुदान आहे आणि मायक्रोसॉफ्टनं लाखो टनांची खरेदी आधीच ठरवली आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम (कमी किंवा वजा केलेल्या कार्बनची प्रमाणपत्रं, म्हणजे क्रेडिट, विकण्या-घेण्याची योजना) अधिसूचित झाली.

शेतकऱ्याच्या वाट्याबद्दल मी भावनेनं बोलतो, ते समजून घ्या. आमच्याकडे को-जन आलं तेव्हा घरी वडील विचारायचे, “वीज चिपाडाची, चिपाड उसाचं, मग विजेचे पैसे कुठं दिसतात?” ज्या कारखान्याला आमचा ऊस जायचा तिथं त्यांना सरळ उत्तर कधीच मिळालं नाही. ऊस परिषदेत एफआरपी (उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर) आणि पहिल्या उचलीवर जी भांडणं होतात त्यातली निम्मी अशा न लिहिलेल्या हिशेबातून आलेली आहेत. कार्बन हवेतून ओढला रानातल्या पानांनी. तेव्हा क्रेडिट विकण्याआधीच त्यातला ऊस उत्पादकाचा हिस्सा करारात टक्क्यांनी लिहिला पाहिजे. नंतर देऊ, हे चालणार नाही. कारखान्याच्या वार्षिक सभेत विचारा: क्रेडिट कुणाच्या नावावर नोंदणार, वायू परत बाहेर आला तर पैसे कोण परत करणार, आणि विहिरीवर पन्नास वर्षं लक्ष कोण ठेवणार?

यासाठी ऊस आणखी वाढवायचा का? पाचटही न्यायचं का?

दोन्ही नको. शिरोळ तालुक्यात क्षारपड झालेली रानं बघितली की आणखी पाणी ओढा असं सांगायला जीभ रेटत नाही. आहे त्या उसाचं चिपाड आणि मळी पुरेशी आहे. पाचट तर रानातच कुजलं पाहिजे. मातीतला सेंद्रिय कर्ब आधीच कमी, तो धुराड्यासाठी काढून नेणं म्हणजे एका खिशातून दुसऱ्यात टाकणं. पेटवू नका, एवढंच.

आमच्या गुऱ्हाळाला यातलं काही जमेल का?

वायू पकडणं जमणार नाही. काहिलीखालच्या चुलवाणाला ना टॉवर परवडेल ना वाफ आहे. पण चिपाड पूर्ण न जाळता कमी हवेत भाजून कोळसा केला, तर त्यातला निम्म्याच्या आसपास कार्बन कोळशात उरतो. तो शेणखतात भिजवून रानात टाकला तर शेकडो वर्षं टिकतो. याला बायोचार म्हणतात. मी स्वतः दोन गुंठ्यांत तीन वर्षं टाकतोय. जमीन भुसभुशीत वाटते, उत्पन्नाचा फरक अजून सांगण्याइतका मोजलेला नाही. कोरडा कोळसा नुसता पसरू नका. पहिल्या वर्षी तो नत्र धरून ठेवतो आणि पीक पिवळं पडतं.

हंगाम संपल्यावर यंत्रणा काय करणार?

डिस्टिलरी हंगामानंतरही साठवलेल्या मळीवर बरेच दिवस चालते, म्हणून तिथली यंत्रणा रिकामी पडत नाही. धुराड्याची मात्र निम्म्याहून जास्त वर्ष गंजत उभी राहील.